सही खरी, माणूस खोटा!

मागच्या महिन्यात उत्तर नागपुरातील एका वस्तीतून एक ताई आमच्याकडे आल्या. एका रुग्णालयात कंत्राटदाराकडे त्या सफाईचे काम करतात. मुलाच्या गाडीचे चलन फाटल्याचा निरोप त्यांच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपने आला. खाली एक फाईल होती. मुलाने ती दाबली, दोन-तीन वेळा 'परवानगी द्या' यावर बोट ठेवले आणि रात्रीतून खात्यातले ४१ हजार रुपये गेले. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी जमवलेला पैसा होता तो. दुसऱ्या दिवशी बँकेचे दार उघडण्याआधीच ताई दारात उभ्या होत्या. बँकेने तीन आठवडे घेतले आणि दोन ओळींचे उत्तर दिले. सदर व्यवहार ग्राहकाच्या नोंदणीकृत मोबाईलवरून व वैध ओटीपीद्वारे झालेला असल्यामुळे बँकेची कोणतीही जबाबदारी येत नाही!

ते पत्र आमच्यापुढे ठेवून ताई म्हणाल्या, "वकीलसाहेब, म्या सही केली नाही, अंगठा देल्ला नाही. मग म्या पैसे देल्ले कसे?"

आम्ही वीस वर्षे वकिली करीत आहोत. यापेक्षा नेमका कायदेशीर प्रश्न आम्हाला फार थोड्या पक्षकारांनी विचारला आहे. याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी मोबाईलच्या पोटात शोधावे लागते. हा विषय इंजिनिअर लोकांचा आहे, आपला नाही, असे आमच्या समाजातील पुष्कळ सुशिक्षितही समजतात. एके काळी सावकाराचा कागद हा विषयही आपला नव्हताच. आमच्या बापजाद्यांनी कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि वरचा मजकूर सावकाराने सवडीने लिहिला. पुढे कोर्टात काय सिद्ध झाले? अंगठा खरा आहे एवढेच. मजकूर कोणी आणि केव्हा लिहिला हे विचारणारा वकील आमच्या बाजूला नव्हता.

आता मोबाईलकडे वळू. अँड्रॉइड मोबाईलमध्ये जे ॲप बसते, त्याच्यावर ते बनवणाऱ्याची एक सही असते. ही शाईची सही नव्हे, गणिताची. बनवणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते, तिने सही होते आणि तिची उघड जोडीदार किल्ली ॲपसोबत मोबाईलमध्ये येते. सही झाल्यावर ॲपमधले एक अक्षर जरी कोणी बदलले तरी सही जुळत नाही, आणि मोबाईल ते ॲप घेत नाही. तेच ॲप नव्या रूपात आले तर मोबाईल जुनी सही आणि नवी सही ताडून पाहतो. एका किल्लीची असेल तरच जुन्याच्या जागी नवे बसवू देतो. येथपर्यंत व्यवस्था उत्तम आहे.

परंतु एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. ही सही कोणी तहसीलदार देत नाही. ॲप बनवणारा स्वतःच आपली किल्ली तयार करतो आणि स्वतःच सही ठोकतो. 'कालचा आणि आजचा माणूस एकच आहे' एवढेच ती सही सांगते. तो माणूस भला की चोर, हे ती सांगत नाही. ताईंच्या मोबाईलमध्ये जे चलनाचे ॲप आले त्याच्यावरही सही असणारच, आणि ती जुळलेलीही असणार, नाहीतर मोबाईलने ते घेतलेच नसते. फरक एवढाच की ती सही चोराची होती!

दुसरी गोष्ट रूटची. रूट म्हणजे मूळ. अँड्रॉइड मोबाईल लिनक्स नावाच्या प्रणालीच्या गाभ्यावर चालतो. त्यात प्रत्येक ॲपला स्वतःची वेगळी खोली दिलेली असते. एका खोलीतल्याने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचे नाही असा नियम असतो. 'रूट' नावाच्या मालकाला मात्र सगळ्या खोल्या उघड्या. बँकेचे ॲप असो, बायकोचे फोटो असोत, वकिलाचे कागद असोत, तो वाटेल ते वाचू शकतो, बदलू शकतो, नवे आणून ठेवू शकतो आणि आपल्या पावलांच्या खुणा पुसूही शकतो. आणि हा मालक कोण? मोबाईल विकत घेणारा नव्हे. कंपनी त्याला तो अधिकार देतच नाही. पैसे आमचे, खिसा आमचा, पावती आमच्या नावाची, आणि सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव तिसऱ्याचेच! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसली त्यांना हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. सगळ्या खोल्यांची किल्ली घरात पडून राहिली की ती चोराच्या हाती लागण्याचा धोका वाढतो. म्हणून रूट केलेल्या मोबाईलवर बँकांची ॲप चालायला नकार देतात. पण सगळी साखळी ज्या एका कडीवर लटकते, ती कडी म्हणजे तपासणारा. सही तपासणाराच जर आंधळा असेल तर?

हा काल्पनिक प्रश्न नाही. २०१३ सालच्या जुलैत ब्लूबॉक्स नावाच्या अमेरिकी कंपनीने अँड्रॉइडमधली एक त्रुटी जाहीर केली. तिला 'मास्टर की' असे नाव पडले. ॲपची फाईल म्हणजे एक गाठोडे असते. त्या गाठोड्यात एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या घातल्या तर सही तपासणारा एक चिठ्ठी वाचायचा आणि काम करणारा दुसरी! पहिली खऱ्या कंपनीची, दुसरी चोराची. सही जुळली, शिक्का बसला आणि आत चोर. २००९ पासूनच्या अँड्रॉइडमध्ये हे भोक होते आणि ९० कोटी उपकरणांना त्याचा धोका होता, असा त्या कंपनीचाच अंदाज होता. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या जुलैत, त्याच कंपनीने 'फेक आयडी' नावाची त्रुटी उघड केली. तिची गोष्ट तर आमच्या वाचकांना फारच ओळखीची वाटेल. एखाद्या ॲपने सांगितले की माझा दाखला अमुक मोठ्या कंपनीने दिला आहे, की मोबाईल ते मान्य करायचा. त्या कंपनीने तो खरोखर दिला का, हे तिच्या सहीवरून ताडून पाहायचाच नाही.

बोगस जातीचे दाखले आठवले की नाही? दाखल्यावर नाव तहसीलदाराचे, शिक्का तहसीलदाराचा. पण तहसीलच्या रजिस्टरमध्ये नोंदच नाही. आमच्या आदिवासी आणि दलित मुलांच्या हक्काच्या जागा अशाच कागदांवर किती वर्षे खाल्ल्या गेल्या! महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला १९९४ साली सांगावे लागले की दाखला हातात आहे एवढे पुरेसे नाही. पडताळणी समिती हवी, दक्षता पथक हवे. मग राज्याचा २००० सालचा जात प्रमाणपत्र कायदा आला. पडताळणी म्हणजे कागद उजेडात धरून पाहणे नव्हे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरपर्यंत जाणे, बापाची-आजोबाची नोंद काढणे, घरी जाऊन विचारणे, याला पडताळणी म्हणतात. कालामांना तथागतांनी जे सांगितले, तेही वेगळे काय होते? कोणी सांगितले, कुठे लिहिले आहे, यावर विसंबू नका, स्वतः तपासून घ्या. अडीच हजार वर्षांनी जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक त्याच ठिकाणी चुकली, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात 'जेनस' नावाची आणखी एक त्रुटी बाहेर आली. सही केलेल्या गाठोड्याच्या पुढच्या बाजूला चोराने आपला मजकूर चिकटवायचा. जुन्या पद्धतीचा तपासणारा गाठोड्याच्या आतल्या चिठ्ठ्या मोजायचा, बाहेर काय चिकटवले आहे ते पाहायचा नाही, आणि मोबाईल मात्र पुढचा मजकूरच आधी चालवायचा. हा तर शुद्ध सावकारी कागद झाला! अंगठा खाली, मजकूर वर. त्याआधीच, अँड्रॉइड ७ पासून, गुगलने सगळ्या फाईलवर मिळून एकच सही घेण्याची नवी पद्धत आणली होती. जुन्याच पद्धतीवर विसंबलेली ॲप मात्र उघडी पडली. २०२२ च्या डिसेंबरात यापुढचा प्रकार घडला. सॅमसंग, एलजी, मीडियाटेक अशा कंपन्यांच्या ज्या किल्ल्यांनी मोबाईलच्या मूळ प्रणालीवरच सही होते, त्यांतल्या काही बाहेर फुटल्या होत्या आणि त्यांनी सही केलेली चोरटी ॲप सापडली. येथे तपासणाऱ्याची चूक नव्हती. साहेबाचा शिक्काच चोराच्या हाती गेला होता.

आता ज्या बातमीमुळे आम्ही हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झिम्पेरियम या मोबाईल सुरक्षेच्या कंपनीने एक संशोधन प्रसिद्ध केले. मोबाईल रूट करण्याची काही साधने हौशी लोकांनी बनवलेली असतात. त्यांतले एक कर्नलएसयू. हे साधन मोबाईलच्या गाभ्यातच आपला चौकीदार बसवते. कोणत्या ॲपला रूटचा अधिकार द्यायचा, हे ठरवण्यासाठी त्याचे एक व्यवस्थापक ॲप असते. हे ॲप चौकीदाराकडे जाऊन म्हणते, मी व्यवस्थापक आहे, मला आत घ्या. चौकीदाराने अर्थातच तपासले पाहिजे. त्याच्या ०.५.७ या आवृत्तीतला चौकीदार तपासायचा कसा? समोर आलेल्या ॲपने ज्या फाईली उघडून हातात धरल्या आहेत, त्यांची यादी घ्यायचा आणि त्यात बसवलेल्या ॲपची म्हणून जी पहिली फाईल दिसेल तिची सही खऱ्या व्यवस्थापकाच्या सहीशी ताडायचा. पहिली फाईल त्या ॲपची स्वतःचीच असणार, हे त्याने गृहीत धरले होते.

चोराने काय करायचे? खऱ्या व्यवस्थापकाची फाईल कोणालाही फुकट मिळते. ती आपल्या ॲपच्या पोटात घालायची आणि चौकीदारापुढे उभे राहताना यादीत आधी येईल अशी उघडून धरायची. चौकीदार पहिला कागद पाहतो, सही खरी आहे, शंभर टक्के खरी आहे, आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देऊन टाकतो. कागद धरणाऱ्याच्या तोंडाकडे त्याने पाहिलेच नाही! अट एकच, मोबाईल बंद होऊन सुरू झाल्यावर खऱ्या व्यवस्थापकाच्या आधी चोराने पोचले पाहिजे. सुरू होताच जागे होण्याची परवानगी कोणतेही ॲप मागू शकते, म्हणजे तीही फार कठीण अट नाही. ही त्रुटी त्या जुन्या आवृत्तीतली होती आणि संशोधकांना ती २०२३ मध्येच सापडली होती. पण झिम्पेरियमचे म्हणणे त्या एका साधनापुरते नाही. अशी साधने थोडे हौशी लोक चालवतात, त्यांची कोणी कडक तपासणी करीत नाही, आणि त्यांत ओळख पटवण्याच्या चुका पुन्हा पुन्हा निघतात, असे ती कंपनी सांगते.

कोणी म्हणेल, आमच्या वस्तीत मोबाईल रूट कोण करतो? आम्हीही तसेच समजत होतो. सीताबर्डीवरून जुना मोबाईल तीन-चार हजारांत घ्यायचा, कंपनीने त्याचे सुरक्षेचे अपडेट केव्हाच बंद केलेले, मग दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा त्यात नवी प्रणाली टाकून देतो आणि मोबाईल आणखी दोन वर्षे चालतो. त्या खटाटोपात कधी कधी तो रूटही होऊन येतो. नवा मोबाईल घेणे ज्याला परवडत नाही, त्याच्याकडेच हे जास्त घडते. शिकलेली पोरे हे समजून-उमजून करतात आणि नीट करतात, त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण गंमत पाहा. ज्या मोबाईलला चार वर्षांत एकही अपडेट आले नाही, ज्यात जगाला माहीत असलेली पन्नास भोके आहेत, त्यावर बँकेचे ॲप अनेकदा बिनबोभाट चालते. आणि ज्याने धडपड करून त्याच मोबाईलवर ताजी प्रणाली टाकली, त्याला बँक म्हणते, तुझा मोबाईल असुरक्षित आहे! गरिबाला कंपनीने अपडेट द्यायचे नाही, त्याने स्वतः मिळवले तर त्याला दारातून हाकलायचे, आणि दोन्ही प्रकारांत पैसे गेले की म्हणायचे, तुमचाच निष्काळजीपणा.

ताईंचा मोबाईल रूट केलेला नव्हता. त्यांच्या चोराला एवढ्या वरच्या विद्येची गरजच पडली नाही. चलनाचे ॲप, लग्नपत्रिकेचे ॲप, पीएम किसानचे ॲप, असल्या फाईली गेली दोन-तीन वर्षे देशभर फिरत आहेत. त्या एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात, ओटीपी आला की तो परस्पर चोराकडे जातो. या फाईलींना 'एपीके' असे शेपूट असते. कोणाचेही चलन किंवा पत्रिका त्या रूपात येत नाही, एवढे घरातल्या पोरांना सांगून ठेवावे. मग सही आणि रूट यांचे एवढे पुराण आम्ही का लावले? कारण बँकेच्या पत्रातले ते वाक्य. 'नोंदणीकृत मोबाईलवरून, वैध ओटीपीद्वारे.' या वाक्याचा पाया असा आहे की सही जुळली म्हणजे माणूस तोच. आणि गेल्या बारा-पंधरा वर्षांचा इतिहास असा आहे की सही जुळते आणि माणूस तो नसतो. जगभरचे इंजिनिअर हे कबूल करतात. आमच्या शहरातले बँक व्यवस्थापक तेवढे कबूल करीत नाहीत!

कायदा काय सांगतो? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. (योगायोग असा की खोट्या जात दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात दिला तोही ६ जुलै २०१७ लाच.) त्या परिपत्रकाचे तत्त्व असे होते की दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र कुठे आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. आणि ग्राहक जबाबदार आहे असे बँकेला म्हणायचे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार बँकेवर. ग्राहकाने गुप्त माहिती स्वतः वाटली असेल तर मात्र बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. बँका या शेवटच्या वाक्याला धरून बसतात आणि भाराचे वाक्य गिळून टाकतात. आमच्या बँकेने तेच केले. 'वैध ओटीपी' हे सिद्धीचे प्रमाणपत्र नव्हे. ओटीपी बरोबर होता हे ताईही नाकारत नाहीत. तो ताईंनी दिला, हे बँकेने दाखवायचे आहे.

यावर सर्वोच्च न्यायालयाचे मतही आहे. आसाममधल्या एका ग्राहकाने भामट्याच्या फोनवरून मोबाईलमध्ये ॲप उतरवले आणि त्याचे ९४ हजार रुपये गेले. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकाच्या आधारे बँकेला जबाबदार धरले. स्टेट बँक अपिलात गेली आणि ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. चांगल्यात चांगले तंत्रज्ञान हाताशी असताना बँकेने असे व्यवहार ओळखून रोखले पाहिजेत, असा न्यायालयाचा रोख होता. आमच्या जिल्ह्यातल्या किती बँक शाखांत हा निकाल वाचला गेला आहे, देव जाणे! (देव आम्ही मानत नाही, ही बोलण्याची रीत झाली.)

आणखी एक मार्ग आमच्या लोकांना माहीतच नसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचा सचिव हा अभिनिर्णय अधिकारी असतो आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे त्याच्यापुढे चालतात. फौजदारी तक्रारीत चोर सापडेपर्यंत वाट पाहावी लागते. येथे बँकेकडून किंवा मोबाईल सेवा देणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागता येते. मुंबईला हेलपाटे घालण्याची अडचण आहे, हे आम्ही नाकारत नाही.

पैशाचे प्रकरण एक वेळ भरून निघेल. पण हीच गोष्ट फौजदारी खटल्यात आली की माणसाचे आयुष्य जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईल किंवा संगणकातला पुरावा कोर्टात आणायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्या प्रमाणपत्रात फाईलची 'हॅश' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. ही तरतूद स्वागतार्ह आहे, जप्तीनंतर कोणी ढवळाढवळ केली तर ती पकडता येते. पण जप्तीच्या आधीचे काय? फाईल मोबाईलमध्ये ठेवली कोणी, हे हॅश सांगत नाही. पुन्हा तेच: अंगठा खरा, मजकूर कोणाचा?

एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ च्या फेब्रुवारीत रोना विल्सन यांच्या आणि त्याच वर्षी जुलैत आमचे व्यवसायबंधू, नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयी अहवाल दिले. नेटवायर नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रामने बाहेरचा माणूस आत शिरला आणि त्याने फाईली आणून ठेवल्या, असे त्या अहवालांचे म्हणणे. तपास यंत्रणेला ते मान्य नाही. ते संगणक होते; मोबाईलमध्ये तर रूट मिळाल्यावर हे आणखी सोपे. पेगॅससची अँड्रॉइडवरची आवृत्ती २०१७ साली गुगल आणि लुकआउट यांनी उघड केली. ती जुनी, जगाला माहीत असलेली रूटची भोके वापरूनच मोबाईल ताब्यात घ्यायची. २०१९ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना 'तुमच्यावर पाळत होती' असे कळवले, त्यांत भीमा कोरेगावच्या आरोपींचे वकील होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तांत्रिक समिती नेमली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिने २९ मोबाईल तपासल्याचे आणि पाचांत घातक प्रोग्राम सापडल्याचे सांगितले. तो पेगॅससच होता असे ठामपणे म्हणता आले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, हेही समितीने नोंदवले. मोबाईलचा मूळ मालक कोण, हे ज्याला माहीत आहे तो बोलत नाही आणि ज्याच्या खिशात मोबाईल आहे त्याला माहीत नाही, अशी ही अवस्था.

त्यात २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागाने सगळ्या कंपन्यांना आदेश काढला की संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये आधीच घालून द्या आणि त्याचे काम बंद करता येणार नाही असे ठेवा. ओरड झाली आणि ३ डिसेंबरला आदेश मागे घेतला गेला. हरवलेला मोबाईल शोधायला ते ॲप उपयोगी आहे, ज्याला हवे त्याने जरूर घ्यावे. आमचा आक्षेप दुसराच आहे. कारखान्यातूनच मोबाईलमध्ये येणाऱ्या ॲपला जी जवळीक मिळू शकते ती बाहेरून आलेल्याला मिळत नाही. ती जवळीक सरकारने मालकाला न विचारता मागितली. गुगलनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले की ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाची ओळख आपण पडताळणार, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. चोरांना आळा बसेल, हे खरे. पण ज्याची पडताळणी नाकारली गेली त्याने अपील कोणाकडे करायचे? जात पडताळणी समितीने दाखला नाकारला तर उच्च न्यायालयाचे दार तरी आहे. परदेशी कंपनीच्या समितीवर आमच्या उच्च न्यायालयाची हुकमत कितपत चालेल, हे आजवर कोणी अजमावलेले नाही.

समाजबांधवांनी मागणी करायचीच असेल तर ती मोबाईलच्या डब्यापासून करावी. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात. मग मोबाईलच्या डब्यावर सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार, हे मराठीत का छापू नये? मुदत संपलेला मोबाईल ज्या बँकेने आपल्या ॲपसाठी चालवून घेतला, तिने त्यातून झालेल्या चोरीचा भारही घ्यावा. आमच्या संघटनांचे कार्यकर्ते वस्त्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात, त्यांनी त्याच बैठकीत चार मोबाईल उघडून पाहावेत, 'सेटिंग्ज'मध्ये शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा आहे ते. आम्ही एका बुद्धविहारात पाहिले. सतरा मोबाईल होते, त्यांत चालू वर्षाचा अपडेट असलेले फक्त तीन निघाले.

ताईंसाठी आम्ही बँकेला पुन्हा पत्र दिले आहे. व्यवहार झाला त्या क्षणी तुमच्या ॲपला समोरच्या मोबाईलविषयी काय दिसत होते, कोणत्या उपकरणावरून लॉगिन झाले, एसएमएस वाचणारे परके ॲप असल्याचा इशारा तुमच्या यंत्रणेला मिळाला होता का, आणि मध्यरात्रीनंतर एका सफाई कामगाराच्या खात्यातून अकरा मिनिटांत चार वेळा पैसे निघताना तुमचे यंत्र काय करीत होते, याची नोंद आम्हाला हवी आहे. उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, १९३० वर केलेल्या तक्रारीचा क्रमांक अर्जाला जोडलेलाच आहे.

मुलगा ते चलनाचे ॲप काढून टाकायला निघाला होता, मोबाईल साफ करून देतो म्हणून दुरुस्तीवालाही तयार होता. आम्ही दोघांनाही थांबवले. तो पुरावा आहे. सिमकार्ड काढून, मोबाईल बंद करून, कागदी पाकिटात घालून त्यावर ताईंची आणि विहारातल्या दोन उपासकांची सही घेतली. ताईंनी सही करायला वेळ लावला. पाकिटावर वर काय लिहिले आहे ते त्यांनी आधी मुलीकडून दोनदा वाचून घेतले.